नाव तेच, पोट वेगळं: शाईपेनांविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या शाईपेनांविषयी आलेली बरीच पत्रं एकाच जागी अडलेली दिसली. पेन बाहेरून ओळखीचं असतं, पण त्याच्या पोटात शाई कशी भरली जाते ते ठाऊक नसतं. म्हणून या वेळच्या उत्तरांत निबेपेक्षा पोटाविषयी जास्त लिहिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: वडिलांच्या कपाटात पार्कर ५१ सापडलं. काळी दांडी, चंदेरी टोपण. आत शाई सुकून दगड झाली आहे. कुणी म्हणतं, गरम पाण्यात टाका. टाकू का? (वाचिका, गंगापूर रोड)

टाकू नका. गरम पाण्याने सुकलेली शाई लवकर सुटते हे खरं, पण त्याबरोबर सांध्यातली लाखही सुटते आणि जुनं प्लास्टिक वाकतं. वाकलेली दांडी पुन्हा सरळ होत नाही.

आधी तुमच्या ५१चं पोट कोणतं ते बघा. दांडीच्या शेपटीला बारीकसा सांधा असेल आणि तिथलं छोटं झाकण फिरून निघत असेल, तर ते व्हॅक्युमॅटिक, म्हणजे १९४१ ते १९४८ या काळातलं. झाकणाखाली एक दट्ट्या असतो. त्याला हात लावू नका. दट्ट्याच्या टोकाला आत रबराचा पडदा असतो. तो वाळला असेल तर पहिल्या दाबालाच फाटतो. पडदा बदलायला दट्ट्याचा भाग धरणारा खास पाना लागतो. पक्कड लावून ते काम करायला गेलं की आटे जातात. हे पेन दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावं.

शेपटीला सांधा नसेल आणि अख्खी दांडीच फिरून निघत असेल, तर ते नंतरचं एअरोमेट्रिक. आत धातूची नळी आणि तिच्यावर दाबायची पट्टी दिसेल. हे बहुतेक वेळा घरीच सुरू होतं. त्यातली पिशवी रबराची नसून पार्करच्या प्लाय-ग्लास नावाच्या प्लास्टिकची असते आणि पन्नास-साठ वर्षांनंतरही ती बहुधा मऊच सापडते. तपकिरी डाग पडले असतील तरी चालेल.

पेल्यात खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या. बोअरचं घेऊ नका, क्षार मागे राहतात. फिल्टरचं चालेल, गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर उत्तम (मागताना ‘पाणी’ म्हणा, ॲसिड वेगळं मिळतं). निब बुडवून पट्टी वीसेक वेळा दाबा, पाणी बदला, पुन्हा दाबा. मग दांडी न लावता पेन निब खाली करून पेल्यात उभं ठेवा. पाणी मधल्या धातूच्या कड्यापर्यंतच असू द्या. रात्रभर राहू द्या. सकाळी पाणी निळं झालेलं असेल. असं तीन-चार दिवस करा. पहिल्या दिवशी काहीच सुटलं नाही म्हणून जोर लावू नका, दुसऱ्या दिवशी एकदम सुटतं.

एवढ्याने भागलं नाही तर नऊ भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला. घरगुती म्हणजे साधारण ५ टक्क्यांचा. केमिकलच्या दुकानात २५ टक्क्यांचा मिळतो, तो आधी पाचपट पातळ करा. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ब्लीच नको. पंधरा मिनिटांत काढून भरपूर पाण्याने धुवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर मात्र कधीच वापरू नका. ५१ची दांडी ल्युसाइटची, म्हणजे ॲक्रिलिकची असते आणि अल्कोहोलने तिला बारीक तडे जातात.

आता परीक्षा. पाणी भरा, पट्टी सावकाश दाबून थेंब मोजा. धार लागून दहा-बारा थेंब आले तर पेन धडधाकट. दोन-तीनच आले तर आतली ब्रीदर ट्यूब तुंबली आहे किंवा तिला चीर पडली आहे. पट्टी दाबल्यावर हवा जाते ती याच नळीतून, आणि पिशवी वरपर्यंत भरते तीही हिच्यामुळेच. शाई भरताना शेवटचा दाब सोडल्यावर पेन लगेच वर उचलू नका, दहा अंक मोजा. निम्मी तक्रार इथेच संपते.

प्रश्न: दुकानात नवं पार्कर ५१ पाहिलं. दिसायला तसंच. पण चुलते म्हणतात, ‘हे ते नव्हे.’ नेमका फरक कुठे आहे? (महाविद्यालयीन वाचक, सातपूर)

चुलते बरोबर आहेत. फक्त फरक ‘जुनं ते सोनं’ इथे नाही, तो टोपऱ्याखाली, म्हणजे निबेवरच्या आवरणाखाली आहे.

जुन्या ५१चं नाव कंपनीच्या ५१व्या वर्षावरून, म्हणजे १९३९ वरून पडलं आणि विक्री १९४१ला सुरू झाली. ते पेन एका शाईसाठी घडवलं होतं. कागदावर पडताच सुकणारी शाई पार्करला आणायची होती. अशी शाई उघड्या निबेवरही तितक्याच झटपट सुकणार, म्हणून निब नळीसारखी वळवून टोपऱ्याखाली झाकली. ती शाई त्या काळच्या सेल्युलॉइडला सोसणारी नव्हती, म्हणून दांडी ल्युसाइटची केली. टोपऱ्याच्या आत निबेभोवती बारीक चकत्यांचा कलेक्टर बसवला. उष्णतेने किंवा हालचालीने जास्तीची शाई उतरली तर ती या चकत्यांच्या फटीत थांबते, कागदावर पडत नाही. टोपण आट्यांचं नाही, नुसतं सरकवून बसतं.

२०२१ साली आलेल्या नव्या ५१ने टोपऱ्याचं रूप घेतलं, पण आत जुन्याची नळीदार निब नाही. साधी छोटी निब पुढे डोकावते. टोपण फिरवून लावायचं. शाई कार्ट्रिजमधून (शाईने भरलेली तयार नळी) किंवा कन्व्हर्टरमधून (बाटलीतून पुन्हा भरता येणारी, काढता येणारी नळी). साध्या आवृत्तीत निब स्टीलची, डिलक्समध्ये १८ कॅरेट सोन्याची.

कोणतं घ्यावं? रोज दोन पानं लिहायची आणि शाईचा रंग सारखा बदलायचा असेल तर नवं. कन्व्हर्टर काढून नळाखाली पाच मिनिटांत ते धुऊन होतं. जुनं ५१ पूर्ण स्वच्छ व्हायला दोन दिवस लागतात, कारण कलेक्टर शाई सोडत नाही. पण टोपण काढून दहा मिनिटं विचार करत बसायचं आणि मग पहिल्याच अक्षराला शाई हवी असेल, तर जुनं. शिवाय एअरोमेट्रिक ५१ लाखोंच्या संख्येने बनली, त्यामुळे चांगलं चालणारं जुनं पेन पुष्कळदा नव्या डिलक्सपेक्षा स्वस्तात मिळतं. आमचा कल जुन्याकडे आहे हे लपवत नाही.

हाच प्रश्न दोघांनी पार्कर ड्युओफोल्ड आणि पेलिकनबद्दल विचारला आहे. ड्युओफोल्डचं उत्तर ५१सारखंच: १९२०च्या दशकातल्या पेनात शेपटीचं बटण दाबलं की आतली पट्टी वाकून रबरी पिशवी दाबते, हल्लीच्यात कन्व्हर्टर. पेलिकनची गोष्ट उलटी आहे. १९५०चं पेलिकन ४०० आणि हल्लीचं एम ४००, दोन्ही पिस्टनची, म्हणजे शेपटी फिरवली की आतला दट्ट्या शाई ओढून घेतो. दोन्हींची निब जिभेसकट (निबेखालच्या, शाई आणणाऱ्या भागासकट) फिरवून निघते आणि जुनी निब नव्या दांडीत बसते. इथे पोट तेच राहिलं, बदलली ती निब: जुनी मऊ, जरा दाबलं की रेघ जाड होते, नवी ताठ. मऊ निब आवडत असेल तर जुनी निब शोधून नव्या दांडीत लावा आणि मोकळे व्हा.

प्रश्न: खटक्याच्या (लिव्हरच्या) जुन्या पेनात शाई भरत नाही. हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं. रबरी पिशवी घरी बदलता येते का? (निवृत्त शिक्षक, पंचवटी)

येते. खुळखुळतंय ते पिशवीचे तुकडे. लॅटेक्सची पिशवी वीस-पंचवीस वर्षांत कडक होऊन चुरते. दांडीच्या बाजूचा खटका उघडायचा प्रयत्न करू नका. आत अजून एखादा कडक तुकडा अडकला असेल तर खटका वाकेल किंवा दांडीला चीर जाईल.

सामान: योग्य मापाची लॅटेक्स पिशवी, चपडा लाख, शुद्ध टाल्क, केस वाळवायचा ड्रायर, पातळ चिमटा, मिलिमीटरची पट्टी, टॉर्च, आणि पकड यावी म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे. सुताराकडची पॉलिशची लाख पातळ असते. तीच स्पिरिटमध्ये मधासारखी दाट विरघळवून घ्या.

पहिलं काम गळा सोडवायचं. बोटं धरतो तो भाग दांडीत घट्ट बसवलेला असतो, क्वचित आट्यांचा असतो. ड्रायर हातभर लांब धरून सांधा फिरवत फिरवत वीस-तीस सेकंद तापवा. चटका बसणार नाही, पण चांगलं गरम लागेल, इतकंच. मग ट्यूबच्या तुकड्यांनी दोन्हीकडून धरून हलकेच डुलवत ओढा. हललं नाही तर पुन्हा तापवा. चार वेळा, सहा वेळा; घाई महागात पडते. मेणबत्ती किंवा लायटर चुकूनही नको. दांडी सेल्युलॉइडची असली तर ती काडीसारखी पेटते.

गळा निघाला की दांडी उलटी करून तुकडे झटका, टॉर्चने आत बघा. आतली स्प्रिंगची पट्टी गंजून मोडली असेल तर तीही बदलावी लागेल. गळ्याच्या मागच्या चोचीवरची (जिच्यावर पिशवी चढते) जुनी लाख आणि रबर नखाने किंवा बोथट सुरीने खरवडा. इथे खडबडीतपणा राहिला तर पुढे हवा शिरते.

मापाचा घोटाळा सर्वांत जास्त होतो, म्हणून नीट बघा. पिशवीचा क्रमांक म्हणजे तिचा बाहेरचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. १६ नंबर म्हणजे १६/६४ इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, १८ नंबर म्हणजे ७.१४. पिशवी दांडीत कुठेही न घासता सहज सरकली पाहिजे. ‘मोठी घातली तर शाई जास्त मावेल’ असं वाटतं, होतं उलटं: मोठी पिशवी पट्टीखाली दबतच नाही आणि पेनात चार थेंब येतात. लांबीही तशीच. गळा जागेवर आहे असं धरून पिशवीचं टोक दांडीच्या तळापासून तीन ते पाच मिलिमीटर अलीकडे संपायला हवं. लांब राहिली तर दुमडते आणि दुमडलेल्या जागीच फुटते. कात्रीने तोंड सरळ कापा.

चोचीवर लाखेचा पातळ थर द्या, चिमट्याने पिशवीचं तोंड ताणून पाच-सहा मिलिमीटर चढवा. पिळा पडलेला नाही ना, ते उजेडात धरून बघा. रात्रभर वाळू द्या. मग पिशवीला टाल्क चोळा, म्हणजे ती पट्टीखाली अडकत नाही. सुगंधी पावडर नको. कॅरमची पावडरही नको, ती बहुधा बोरिक असते. व्हॅसलीन तर मुळीच नको. त्याने लॅटेक्स चिकट होऊन विरघळतं.

आता गळा परत बसवा. निबेची आणि खटक्याची रेषा जुळवा, नाहीतर लिहिताना खटका तळहाताला टोचत राहील. पाण्यात निब बुडवून खटका सावकाश उचला. बुडबुडे येतील. खटका मिटवून दहा सेकंद थांबा, मग पुन्हा उचलून पाणी सोडा. बुडबुडेच आले नाहीत तर सांधा हवा खातोय.

पिशवी लाखेनेच चिकटवा. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने काम पाच मिनिटांत होतं, पण पुढच्या वेळी चोचच मोडते. लाख उबेने सुटते. शंभर वर्षं दुरुस्तीवाले तीच वापरतात ती याचसाठी.

प्रश्न: हाताने घडवलेलं एबोनाइटचं (कडक रबराचं) ड्रॉपरचं पेन आहे, शाई थेट दांडीत भरायची. दर आठवड्याला पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो. जाताना काही होत नाही, येताना खिशात शाई ओकतं. पेनात दोष आहे का? (वाचक, नाशिकरोड)

दोष कसारा घाटात आहे!

मुंबई समुद्रसपाटीला, नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर. तेवढं चढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी उतरतो. दांडीत दोन मिलिलिटर हवा अडकलेली असेल तर ती तेवढीच फुगते: जवळपास ०.१५ मिलिलिटर, म्हणजे तीन थेंब. हवेला वर जायला वाट नाही, म्हणून ती शाईला खाली ढकलते. जाताना उतरण असते. तेव्हा बाहेरची हवा निबेतून आत शिरते, शाई बाहेर येत नाही. तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे.

हाताच्या उबेनेही हेच होतं, पण कमी. पेन तीसवरून छत्तीस अंशांवर गेलं तर दोन मिलिलिटर हवा दोन टक्के फुगते, म्हणजे जेमतेम एक थेंब. जीभ चांगली असेल तर तेवढा थेंब ती धरून ठेवते. तीन थेंब धरणं बहुतेक जिभांच्या आवाक्याबाहेरचं.

उपाय सोपा आहे. मुंबईहून निघताना पेन काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामं करा. अर्धवट ठेवू नका. फुगायला हवाच नसेल तर ढकलणार काय? खिशात निब वर राहील असं लावा. दादरला गाडीत बसताना वर धरलेलं पेन इगतपुरी गेल्यावर एकदा निब वरच ठेवून उघडा, म्हणजे दाब निघून जाईल. गळ्याच्या आट्यांना ओ-रिंगला लावतात ते शुद्ध सिलिकॉन ग्रीस अगदी तांदळाच्या दाण्याएवढं लावा. गाडीचं ग्रीस नको.

कन्व्हर्टरच्या नव्या पेनांना हा त्रास का नाही, हेही इथेच कळतं. कन्व्हर्टरची एकूण धारणा पाऊण मिलिलिटरच्या आसपास. त्यातली हवा सात टक्के फुगून फुगणार किती? एक थेंब. ड्रॉपरचं पेन तीन-चार पट शाई घेतं, आणि त्याचा हा मोबदला.

प्रश्न: बुधवारच्या बाजारात जुनं पेन दिसलं. निबेवर ‘१४ के’ लिहिलंय. सोन्याची असेल का? घेताना काय बघावं? (दोन वाचकांचे प्रश्न एकत्र)

नुसतं ‘१४ के’ किंवा ‘५८५’ असेल तर असण्याची शक्यता चांगली. त्यापुढे ‘गोल्ड प्लेटेड’ असेल तर मुलामा. टोपणावर ‘१/१० १२ कॅरेट’ असं काही असलं तर ते सोन्याचा पत्रा चढवलेलं टोपण: वजनाचा दहावा भाग १२ कॅरेटचा थर, बाकी साधा धातू. ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ हे कुठल्याही कंपनीचं नाव नाही. ते स्वस्त स्टील निबांवर छापलेलं असतं.

खिशात लोहचुंबक ठेवा. निब खेचली गेली तर ती स्टीलची, प्रश्न मिटला. खेचली गेली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण स्टेनलेस स्टीलचे काही प्रकारही चुंबकाला चिकटत नाहीत. मग निबेची पाती, म्हणजे चिरेच्या दोन बाजू बघा: मुलामा असेल तर चिरेच्या कडेला आणि मधल्या भोकाभोवती पिवळा रंग उडून पांढुरका धातू दिसतो. सराफ बाजारात टंच काढायचा असेल तर मशीनवर काढा, कसोटीवर घासू देऊ नका. मशीनही पृष्ठभागच वाचतं, त्यामुळे मुलाम्याच्या टोपणाला फसतं. आणि हिशेब लक्षात ठेवा: नेहमीच्या मापाच्या निबेत सोनं ग्रॅमच्या आतच असतं. मोडीत काढण्यासारखं त्यात काही नाही.

निबेचा खरा जीव सोन्यात नसून टोकावरच्या मण्यात असतो. तो ऑस्मियम-इरिडियमसारख्या अतिकठीण धातूंच्या मिश्रणाचा. दहापट भिंगातून बघा. मणी गोल आणि दोन्ही पात्यांवर सारखा असेल तर पेन लिहील. एका बाजूने सपाट झिजला असेल तर ते आधीच्या मालकाच्या हाताला सरावलेलं आहे, तुमच्या हातात खरखरेल. मणीच नसेल तर ठेवून द्या, नवा बसवणं पेनापेक्षा महाग पडतं.

त्यानंतर टोपणाचा ओठ उजेडासमोर फिरवा. केसाएवढ्या चिरा तिथेच असतात. मग वास. दांडी अंगठ्याने वीस सेकंद जोरात घासून नाकाशी धरा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण त्यात कापूर घातलेलाच असतो. गंधकाचा, जळक्या रबराचा आला तर एबोनाइट. दूध नासल्यासारखा आला तर केसीन (दुधातल्या प्रथिनाचं प्लास्टिक), आणि ते कधीही पाण्यात भिजवायचं नाही, फुगतं. काहीच वास नाही तर ॲक्रिलिक किंवा साधं प्लास्टिक. विक्रेता विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

आणि ‘पार्कर ५१’ म्हणून हीरो ६१६ हे चिनी पेन गळ्यात मारलं जातं. टोपऱ्याची निब दोन्हीला आहे, दुरून ओळखू येत नाही. नाव वाचा, दांडी फिरवून आतल्या नळीवरची इंग्रजी अक्षरं वाचा. हीरो वाईट पेन नाही, पण ५१च्या भावात नाही.

प्रश्न: आजोबांचं काळं पेन शेवाळी-तपकिरी झालंय. पॉलिश करून काळं करावं का? (वाचिका, देवळाली कॅम्प)

ते एबोनाइट आहे: नैसर्गिक रबर आणि भरपूर गंधक. ऊन आणि दमट हवा मिळून त्याचा पृष्ठभाग असा करतात. घासून काळं होतं, पण घासताना कंपनीचं नाव आणि दांडीवरची बारीक नक्षी पुसली जाते, आणि जुन्या पेनाची ओळख तीच. रासायनिक काळं हे रंगवणं आहे, दुरुस्ती नाही. आहे तसं ठेवा. धुवायचं तर फक्त निबेचा भाग, गार पाण्याने. दांडी भिजली की आणखी तपकिरी होते. खिडकीजवळच्या काचेच्या कपाटातून आधी काढा.

प्रश्न: पेनं हवाबंद डब्यात ठेवली तर पावसाळ्यात सुरक्षित राहतील ना? (वाचक, इंदिरानगर)

एबोनाइट आणि ॲक्रिलिक राहतील. सेल्युलॉइड नाही. ते हळूहळू आम्लाच्या वाफा सोडत असतं. डबा बंद असला की वाफा तिथेच साचतात, क्लिपा गंजतात आणि शेजारचं पेनही बिघडतं. जुन्या लॅटेक्स पिशवीतून निघणारा गंधकाचा वायू फिकट रंगाच्या दांड्या आतून पिवळ्या-तपकिरी करतो, आणि तो डाग जात नाही. सुती कापडाच्या गुंडाळीत, खणात, रिकामी आणि कोरडी ठेवा, टोपणं सैल. डांबरगोळ्या त्या खणात नकोत, त्यांच्या वाफा प्लास्टिकला लागतात.

प्रश्न: निब खरखरते. दुकानदार पॉलिशपेपरवर घासून देतो म्हणाला. (विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

देऊ नका. दहापैकी आठ निबा मणी खराब म्हणून खरखरत नाहीत, दोन पाती वरखाली झाली म्हणून खरखरतात. भिंगातून समोरून बघा. वर आलेलं पातं नखाने हलकेच खाली दाबा, सोडा, बघा. दोन-तीनदा केलं की रांगेत येतं. तरीही खरखर उरली तरच १२,००० ग्रेडच्या मायक्रोमेशवर (अतिबारीक पॉलिशच्या कापडावर), एक थेंब पाणी लावून, न दाबता आठाचा आकडा दहा वेळा काढा आणि थांबा. लिहून बघा. कमी पडलं तर आणखी दहा. मणी पुन्हा उगवत नाही.

प्रश्न: जुन्या पेनात कोणती शाई? (अनेक वाचक)

साधी, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची: कॅमल, क्विंक, वॉटरमन. कॅमलचं घर तर आपलंच. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत घोडा छापाची शाईची पूड विकायला सुरुवात केली, तिथून ते आलं. चित्रकलेच्या तासाची काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक कधीच नको. ती पेनात वाळली की कुठल्याही पाण्याने निघत नाही, जीभच बदलावी लागते. चकाकी असलेल्या आणि पिगमेंटच्या (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाया नव्या कन्व्हर्टर पेनांपुरत्या ठेवा. दोन शाया एकत्र ओतू नका, गाळ धरतो. आणि पेनाबरोबर जुनी सीलबंद दौत मिळाली तर ती शोभेला ठेवा. आत बुरशी असू शकते, आणि एकदा पेनात शिरली की तीच दुसऱ्या बाटलीतही जाते.

प्रश्न: संग्रह सुरू करायचाय, पैसे बेताचे. कुठून सुरू करू? (वाचक, सिडको)

कंपन्यांच्या मागे लागू नका, पोटांच्या मागे लागा. पाच पेनं पुरेत. ड्रॉपरचं भारतीय एबोनाइटचं एक. राजमुंद्रीच्या रत्नमचा कारखाना १९३२चा, हैदराबादचं डेक्कन १९२८चं, दोघांचीही पेनं शोधल्यास मिळतात. खटक्याचं एक: एस्टरब्रुक जे. त्याला १६ नंबरची पिशवी लागते आणि निब फिरवून बदलता येते, त्यामुळे दुरुस्ती शिकायला याहून सोपं पेन नाही. नव्या एस्टरब्रुकमध्ये ही जुनी निब बसवायचा जोडभागही वेगळा मिळतो. मग एअरोमेट्रिक ५१, पिस्टनचं एखादं, आणि कन्व्हर्टरचं नवं एक. पाचही एकाच शाईने भरून एकाच वहीत महिनाभर लिहा, आणि कोणतं किती दिवसांनी रिकामं झालं ते वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा. सहावं पेन त्या पानाकडे बघून घ्या.